दक्षिण फ्रान्सच्या भूमीवर मराठी कादंबरी: कॅलेंडरवरच्या चित्रातून बाहेर कसे यावे?

दुरान्सकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी गेली तीन वर्षे दक्षिण फ्रान्समध्ये, प्रोव्हान्स प्रांतातल्या मानोस्क या गावी राहते. जवळच कादाराश येथे अणुसंमीलनाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प उभा राहत आहे. भारत त्याच्या सात भागीदारांपैकी एक असल्यामुळे माझ्यासारखे अनेक भारतीय अभियंते मानोस्क आणि एक्स या दोन गावांत वस्तीला आहेत. यापूर्वी दिवाळी अंकांतून माझ्या काही कथा छापून आल्या आहेत आणि आता मी पहिली कादंबरी लिहायला घेतली आहे. तिची नायिका इंदापूर तालुक्यातली असून तिच्या आजोळचे गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेले आहे. ती नोकरीसाठी इथे येते आणि इथल्या एका वृद्ध शेजारणीशी तिचा घरोबा जुळतो, एवढेच कथानक सध्या ठरले आहे.

सुमारे ऐंशी पाने लिहून झाल्यावर मी ती पुण्यातल्या एका मैत्रिणीला वाचायला पाठवली. तिने अतिशय मायेने, पण स्पष्ट शब्दांत सांगितले की, हे वाचताना भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने उलटल्यासारखे वाटते. मी पुन्हा वाचले आणि तिचे म्हणणे मला पटले. प्रत्येक प्रकरणात लव्हेंडरची जांभळी शेते आहेत, चिनाराच्या जातीच्या झाडांची सावली आहे, शेळीच्या दुधाचे चीज आहे आणि सोनेरी ऊन आहे. मी रोज जे पाहते ते मात्र त्यात कुठेच उतरलेले नाही.

उदाहरण द्यायचे तर माझ्या शेजारच्या आजी जुलै महिन्यात सकाळी नऊच्या आतच घराच्या सगळ्या लाकडी झडपा ओढून घेतात आणि सूर्य टेकडीआड गेल्यावरच त्या उघडतात. दिवसभर त्या अंधाऱ्या, थंड खोलीत बसून असतात. भाजीचा पाला त्या एका पसरट भांड्यात धुतात, ते पाणी झारीत ओततात, तळाला बसलेली माती बोटाने पुसून तीही झारीत टाकतात आणि मग सावकाश चालत जाऊन तुळशीसारख्या दिसणाऱ्या बेझिलच्या कुंडीला घालतात. हे पाहताना मला माझी आजी आठवते, पण लिहायला बसले की लेखणी पुन्हा लव्हेंडरकडेच वळते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. इथल्या मातीतून ज्यांनी मोठे ललित लेखन घडवले, त्यांनी नेमके काय हाताशी धरले होते? माझ्यासारख्या उपऱ्या माणसाने या भूमीवर कितपत हक्क सांगावा? आणि इथले खास शब्द मराठीत आणावेत की त्यांना मराठी प्रतिशब्द द्यावेत? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कोरडवाहू (प्रतिसाद)

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच तिसऱ्या परिच्छेदात आहे. ती झारी हाच कादंबरीचा आरंभ आहे, असे मला मनापासून वाटते.

प्रोव्हान्स ही मुळात पाण्याला मोताद असलेली भूमी आहे. तिथले डोंगर बहुतांशी चुनखडीचे असल्यामुळे पडलेला पाऊस पृष्ठभागावर न थांबता भेगांतून खाली उतरतो आणि कुठे तरी अनपेक्षित जागी झरा होऊन बाहेर येतो. फाँतेन-द-व्होक्लूझ येथे सोर्ग नदी ज्या विवरातून उगम पावते त्याची खोली ३०८ मीटर मोजली गेली आहे. पेत्रार्क हा इटालियन कवी चौदाव्या शतकात याच विवराजवळ घर करून राहिला होता. अशा प्रदेशात झरा कुणाच्या शेतात निघतो आणि कुणाच्या शेतात निघत नाही, यावर पिढ्यांचे भवितव्य ठरते. झरा कुठे आहे हे ठाऊक असणे आणि ते कुणाला न सांगणे, ही तिथली खरी सत्ता आहे.

मार्सेल पान्योल यांनी हे ओळखले होते. त्यांचा जन्म १८९५ साली मार्सेयजवळच्या ओबान्य गावी झाला. १९५२ साली त्यांनी याच विषयावर चित्रपट काढला आणि त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी ‘टेकड्यांचे पाणी’ अशा अर्थाच्या नावाची दोन भागांची कादंबरी लिहिली. शहरातला एक कुबडा करवसुली कारकून वारशाने मिळालेल्या शेतावर बायको-मुलीसह राहायला येतो. त्या शेतात झरा आहे. तो आटलेला वाटावा आणि जमीन स्वस्तात मिळावी म्हणून शेजारचे दोघे चुलते-पुतणे त्याचे तोंड आधीच बुजवून ठेवतात. पुतण्याला तिथे कार्नेशनची फुले लावायची आहेत आणि त्या फुलांना पाणी फार लागते. कारकुनाजवळ पुस्तकातले पावसाचे आकडे आहेत, सरासरी आहे, हिशोब आहे. पाऊस मात्र टेकडीच्या पलीकडच्या अंगाला पडतो. अखेर विहिरीसाठी लावलेल्या सुरुंगात त्याचा जीव जातो. कथेतली सर्वांत भयंकर गोष्ट यानंतर कळते. झरा आहे हे गावातल्या अनेकांना माहीत होते आणि कुणीही तोंड उघडले नव्हते.

मी माण तालुक्यात वाढलो. आमच्याकडे पाणाड्या नारळ तळहातावर ठेवून किंवा हातात काटकी धरून शेतातून फिरतो, तेव्हा बांधावर उभी असलेली भावकी कशी गप्प असते, हे मी लहानपणी पाहिलेले आहे. त्यामुळे ते पुस्तक इंग्रजी अनुवादातून वाचतानाही मला एकही तळटीप लागली नाही.

पान्योल यांचे आणखी एक उदाहरण सांगतो, कारण ते तुम्हाला अभियंता म्हणून आवडेल. १८३४ चा दुष्काळ आणि पुढच्याच वर्षीची पटकीची साथ यांनंतर मार्सेय शहराने दुरान्स नदीचे पाणी कालव्याने आणायचे ठरवले. १८३९ साली काम सुरू झाले आणि दहा वर्षांनी पाणी शहरात पोहोचले. त्या काळी हा कालवा श्रीमंतांच्या मोठमोठ्या बागांमधून जाई आणि त्या बागांच्या दारांची किल्ली फक्त कालव्यावरच्या कामगाराकडे असे. पान्योल यांचे वडील शाळामास्तर होते. आपल्या बालपणाच्या आठवणींत पान्योल सांगतात की, वडिलांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो कालव्यावर नोकरीला होता, त्यांना ती किल्ली दिली. सुटीत टेकडीवरच्या भाड्याच्या घरी जाताना कुटुंबाचा मोठा वळसा त्यामुळे वाचू लागला. वडिलांना नियम मोडल्याची लाज वाटे आणि आई प्रत्येक दारापाशी घाबरून जाई. शेवटी एका बागेच्या राखणदाराने त्यांना कुत्र्यासह अडवले, गाठोडी सोडायला लावली आणि मुलांच्या देखत बापाचा अपमान केला. पुढे मोठेपणी एक जुनी हवेली न पाहताच विकत घेतल्यावर ती त्याच बागेची आहे हे आपल्याला कळले, असेही त्यांनीच सांगून ठेवले आहे. सार्वजनिक बांधकामातली एक किल्ली आणि मास्तराची अब्रू, एवढ्यावर हे सारे उभे आहे. त्यात निसर्गवर्णन भरपूर आहे, पण ते सगळे गाठोडे उचलून चालणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून दिसते.

अनुवादिका (प्रतिसाद)

कोरडवाहू यांनी पाण्याविषयी लिहिलेले मला मान्य आहे, तरी मला वेगळ्या बाजूने काही सांगायचे आहे. ताई, तुम्ही ज्या गावात राहता ते ज्याँ जिओनो यांचे गाव आहे. त्यांचाही जन्म १८९५ सालचाच. वडील चांभारकाम करीत आणि आई कपड्यांना इस्त्री करण्याचा व्यवसाय चालवी. जिओनो यांनी अनेक वर्षे मानोस्कमध्येच बँकेत कारकुनी केली. मधल्या काळात पहिल्या महायुद्धात व्हर्दँच्या आघाडीवरून जिवंत परतल्यामुळे युद्धाविषयी त्यांच्या मनात कायमची घृणा बसली. त्यांच्या पहिल्याच कादंबरीत, १९२९ साली, चार घरांची एक वस्ती आहे. तिथला झरा अचानक थांबतो आणि अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा टेकडीशी संगनमत करून आपल्यावर हे संकट आणतो आहे, अशी तिथल्या पुरुषांची समजूत होते. ते त्याला मारायचे ठरवतात. भीती माणसांना कुठवर नेते हे तिथे ज्या संथपणे उलगडत जाते, तसे फार थोड्या पुस्तकांत मी वाचले आहे.

मला मुद्दा मांडायचा आहे तो असा की, जिओनो यांचा प्रोव्हान्स नकाशावर शोधू गेल्यास तंतोतंत सापडत नाही. आपण लिहितो तो दक्षिण प्रदेश कल्पनेतला आहे, असे ते स्वतःच सांगत. उजाड गावावरच्या त्यांच्या कादंबरीला बानाँ गावाजवळच्या रदोर्तिए या ओसाड वस्तीने प्रेरणा दिली, परंतु पुस्तकात त्यांनी गावाचे नाव बदलले, अंतरे बदलली आणि त्यात शेवटचा एकच माणूस उरवला. गावे ओस का पडली हे मात्र त्यांनी कल्पनेने रचलेले नाही. तरुण शहरांकडे गेले आणि जे राहिले त्यांतले कितीतरी महायुद्धात कामी आले. तुमच्याकडच्या कोणत्याही लहान खेड्यातल्या स्मारकशिळेसमोर उभ्या राहा आणि एकाच आडनावाची किती नावे आहेत ते मोजा.

त्यांच्या वृक्ष लावणाऱ्या मेंढपाळाची हकिगत तर लेखकाने लक्षात ठेवावी अशी आहे. १९५३ साली एका अमेरिकी मासिकाने त्यांच्याकडे, पाहण्यात आलेल्या एखाद्या अविस्मरणीय माणसाविषयी लेख मागितला. त्यांनी एल्झेआर बुफिए या मेंढपाळाची कथा पाठवली, जो वर्षानुवर्षे एकट्याने ओकची बीजे पेरीत राहतो आणि ज्याच्यामुळे आटलेले झरे पुन्हा वाहू लागतात. मासिकाने चौकशी केली, तर असा कुणी माणूस आढळला नाही, म्हणून त्यांनी लेख नाकारला. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या मासिकात छापला गेला आणि जिओनो यांनी त्याचे हक्क सर्वांसाठी खुले ठेवले. बुफिए काल्पनिक आहे आणि लोकांना झाडे लावण्याची आवड लागावी एवढाच आपला हेतू होता, हे त्यांनी १९५७ साली वनखात्याच्या एका अधिकाऱ्याला पत्राने कळवले. तरीही जगभरचे वाचक आजही त्याला खरा समजतात. पेरण्याआधी तो मेंढपाळ रात्री दिव्याजवळ बसून ओकची बीजे एकेक करून निवडतो, भेगाळलेली बाजूला काढतो आणि दहा-दहाचे ढीग करून शंभर चांगली मोजून घेतो. हा तपशील वाचल्यावर अविश्वास ठेवायला जागाच राहत नाही.

आल्फाँस दोदे यांचीही गोष्ट याच जातीची आहे. फाँव्हिएय गावातली जी पवनचक्की आज दोदे यांची म्हणून दाखवतात तिच्यात ते कधी राहिलेच नव्हते, आणि तिथून लिहिलेली म्हणून प्रसिद्ध असलेली १८६९ सालच्या पुस्तकातली पत्रे त्यांनी बव्हंशी पॅरिसच्या बाजूला बसून लिहिली. त्यांतली म्हाताऱ्या चक्कीवाल्याची कथा तुम्ही अवश्य वाचा. वाफेवरच्या गिरण्या आल्यापासून कुणी त्याच्याकडे दळण आणत नाही, पण त्याच्या चक्कीची पाती फिरतच असतात आणि त्याचे गाढव संध्याकाळी पोत्यांनी लादलेले दिसते. एके दिवशी कळते की, पोत्यांत गहू नसून पडक्या भिंतींचा चुना आणि राबिट आहे. ज्या दिवशी गावकरी ते पाहतात, त्या दिवशी ते आपापल्या घरातला गहू उचलून त्याच्या दारी आणून टाकतात.

शब्दांविषयी माझे मत ठाम आहे. काही शब्द जसेच्या तसे ठेवावेत. ‘मास’ म्हणजे तिथले दगडी शेतघर. उत्तरेकडून येणाऱ्या मिस्त्राल वाऱ्यामुळे त्याच्या त्या बाजूच्या भिंतीला खिडकी ठेवत नाहीत किंवा अगदी लहानशी ठेवतात, आणि पाठीशी सायप्रस वृक्षांची रांग लावतात. ‘वाडा’ किंवा ‘मळा’ असा प्रतिशब्द दिला तर ती आंधळी भिंतच नाहीशी होते. ‘गारिग’ म्हणजे चुनखडीवर वाढणारे थायम-रोझमेरीचे खुरटे, काटेरी रान. त्याला ‘माळरान’ म्हटले तर वाचकाच्या डोळ्यांसमोर कुसळी गवत येईल. शब्द एकदा वापरा, वस्तू दाखवा आणि पुढे चला.

मात्र तिथल्या वृद्ध माणसांच्या तोंडी मालवणी किंवा वऱ्हाडी बोली घालू नका, ही कळकळीची विनंती आहे. तिथल्या प्रोव्हान्साल भाषेची स्वतःची व्यथा आहे. ती जगावी म्हणून १८५४ साली सात कवींनी एकत्र येऊन चळवळ सुरू केली. त्यांतल्या फ्रेदेरिक मिस्त्राल यांना १९०४ साली नोबेल पुरस्कार मिळाला आणि तो पैसा त्यांनी आर्ल येथील आपल्या लोकजीवन संग्रहालयासाठी वापरला. तरीही शाळेत ती भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत राहिल्या आणि घराघरातून ती मागे हटली. तुमच्या शेजारच्या आजी बहुधा तिच्यातले शब्द ओळखत असतील. त्यांना एकदा विचारून पाहा, आणि त्या काय सांगतात याहून सांगताना त्यांचा चेहरा कसा होतो ते लिहून ठेवा.

मांडवीतीर (प्रतिसाद)

उपरेपणाच्या प्रश्नापुरतेच लिहितो.

मार्सेयच्या बंदराचे नाव मराठी माणसाला ठाऊक असते ते ८ जुलै १९१० मुळे. मोरिया बोटीतून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली ती याच बंदरात. बंदराच्या समोर इफ नावाचे बेट आणि त्यावरचा किल्ला दिसतो. अलेक्झांडर द्युमा यांनी १८४४ पासून क्रमशः प्रसिद्ध केलेल्या कादंबरीत मोंते क्रिस्तोचा भावी सरदार तिथेच कैद असतो आणि त्याला शहाणपण, भाषा व खजिन्याचा पत्ता देणारा वृद्ध कैदी म्हणजे आबे फारिया. हे नाव द्युमांनी आमच्या कांदोळीच्या माणसाकडून घेतले आहे. जुझे कुस्तोद्यू फारिया यांचा जन्म १७५६ साली गोव्यात झाला, संमोहनशास्त्राच्या आद्य अभ्यासकांत त्यांची गणना होते आणि काही काळ त्यांनी मार्सेयमध्ये अध्यापनही केले. लिस्बनला राणीसमोर प्रवचन देताना ते गोंधळून गेले, तेव्हा मागून वडिलांनी कोकणीत ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’ असे कुजबुजून धीर दिल्याची आख्यायिका गोव्यात घराघरात सांगतात. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे.

द्युमांनी त्यांना पुस्तकात इटालियन केले. आज इफ किल्ल्यावर कादंबरीतल्या कैद्यांच्या नावाच्या कोठड्या पर्यटकांना दाखवतात, आणि तिथे उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक असेल की, हे नाव मांडवीकाठचे आहे? मला ती कोठडी पाहताना भरून आले होते. आपल्या माणसाचे नाव घेऊन ते त्यांच्या कथेत बसवण्यात त्यांना संकोच वाटला नाही. तुम्ही तर तिथे राहता, कर भरता, तिथली झारी रोज पाहता. फक्त तुमची नायिका पाहुणी आहे हे विसरू नका. आजींच्या मनात काय चालले आहे ते तिला कळते, असे लिहू नका. तिला जेवढे दिसते आणि जेवढे फ्रेंच समजते, तेवढेच वाचकाला द्या.

ऋतुचक्र (प्रतिसाद)

कोरडवाहू यांच्याशी एका मुद्द्यावर मला सहमत होता येत नाही. त्यांना तळटीप लागली नाही, पण सर्वसाधारण मराठी वाचकाला एक फार मोठी तळटीप लागेल, आणि ती ऋतूंची आहे.

मार्सेयला वर्षाला सुमारे ५०० ते ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा आपल्या माण-सांगोल्याच्या जवळपासचा आहे, त्यामुळे दोन्ही दुष्काळ सारखेच वाटतात. प्रत्यक्षात चक्र उलटे आहे. तिथे जून, जुलै, ऑगस्ट हे महिने सर्वांत कोरडे असतात आणि पाऊस मुख्यतः शरद ऋतूत, कधी कधी अत्यंत हिंसकपणे येतो. व्हेझाँ-ला-रोमेन येथे २२ सप्टेंबर १९९२ रोजी काही तासांच्या पावसाने ऊव्हेझ नदीला असा पूर आला की, त्यात अनेकांचे प्राण गेले. रोमन काळातला पूल मात्र टिकून राहिला. मराठी वाचक ‘मे संपत आला’ एवढे वाचले की आभाळाकडे पाहू लागतो. मृगाची वाट पाहणे आपल्या भाषेच्या हाडात आहे. तुमची नायिका जूनमध्ये सवयीने वर पाहील आणि पुढचे तीन महिने आभाळ निळेच राहील, ही गोष्ट तुम्ही कृपया निसटू देऊ नका. ‘पावसाळा’ हा शब्द तिथल्या प्रकरणांत कुठेही येऊ नये.

लव्हेंडरबद्दलही एक खुलासा करावासा वाटतो. वालाँसोलच्या पठारावर ज्या रांगा दिसतात त्या बव्हंशी ‘लाव्हांदँ’ या संकरित जातीच्या आहेत. तिला बी धरत नाही, तिची कलमे करून लागवड होते आणि तिचा प्रसार विसाव्या शतकातला आहे. त्यापूर्वी खरी लव्हेंडर उंच डोंगरउतारांवर रानटी उगवे आणि गरीब माणसे विळ्याने कापून पाठीवरून खाली आणत. ज्याला आपण सनातन प्रोव्हान्स समजतो ते चित्र आजींच्या आईच्या लहानपणी तसे नव्हते. लव्हेंडर काढून टाकू नका, ती कापणाऱ्याची पाठ दाखवा.

धरणकाठ (प्रतिसाद)

उजनीचे नाव वाचून थांबलो, म्हणून लिहीत आहे. आमचेही मूळ गाव त्याच जलाशयात आहे.

प्रोव्हान्समध्ये एक जुनी म्हण आहे की, एक्सचे न्यायपीठ, मिस्त्राल वारा आणि दुरान्स नदी ही या प्रांताची तीन अरिष्टे होत. ही नदी वेळीअवेळी पूर आणी आणि उन्हाळ्यात दगडगोट्यांत हरवून जाई. तिला आवरण्यासाठी १९५५ साली कायदा करून सेर-पाँसाँ येथे मातीचे धरण बांधायला घेतले आणि १९६१ पर्यंत जलाशय भरला. त्याची क्षमता सुमारे १२७ कोटी घनमीटर आहे. आपली उजनी त्याच्या दुपटीहून मोठी आहे. साव्हीन आणि युबाय ही दोन गावे त्यात गेली. जुने साव्हीन सुरुंग लावून पाडले आणि काठावर त्याच नावाचे नवे गाव वसवले. पाण्याच्या मधोमध एका बेटावर सेंट मिशेलचे छोटे चॅपेल उभे आहे. ते बेट म्हणजे पूर्वीच्या टेकडीचा माथा. पाणी फार खाली गेले की तिथवर पायी जाता येते. पळसदेवच्या पळसनाथाचे देऊळ उन्हाळ्यात पाण्यातून वर येते, तेव्हा आमच्या गावची म्हातारी माणसे होडीतून जाऊन त्याच्या पायरीला हात लावून येतात. ते तुम्ही नक्की पाहिले असेल.

विशेष म्हणजे या धरणाच्या पार्श्वभूमीवर १९५८ साली एक चित्रपट निघाला आणि त्याची कथा जिओनो यांनी लिहिली होती. त्यातल्या शेतकऱ्याला जमिनीची मोठी नुकसानभरपाई मिळते, तो ती रक्कम लपवून ठेवतो आणि अचानक मरतो. त्यानंतर सगळे नातेवाईक त्याच्या तरुण मुलीभोवती गोळा होतात. भरपाईचा पैसा घरात आल्यावर भावकी कशी बदलते, हे मी आमच्या ओसरीवर पाहिले आहे. वडिलांनी दोन सख्ख्या भावांशी त्यानंतर आयुष्यभर बोलणे टाकले. ती रक्कम कशात गेली हे मला आजही सांगता येणार नाही, पण ज्या पत्र्याच्या डब्यात ती ठेवली होती तो डबा मी ओळखू शकेन.

तुमची नायिका उजनीची आहे आणि मानोस्कखालून वाहणारे पाणी सेर-पाँसाँच्या बुडालेल्या गावांवरून येते. शेजारच्या आजी मूळच्या कुठल्या, याचा तुम्ही प्रश्नात उल्लेख केलेला नाही. कादंबरीतल्या आजी तरी जुन्या साव्हीनच्या असू शकतात. दोघींना एकमेकींची भाषा नीट येत नाही आणि तरी दोघींचे हे एक समान आहे, यातून काय होईल ते तुम्हीच लिहायचे आहे. ऋतुचक्र यांचा इशारा इथेही लागू आहे, हे मला मान्य आहे. दोन्ही दुःखे एकाच मापाची करू नयेत. तिथे आणि इथे मोबदल्याचे, पुनर्वसनाचे आणि सरकारी वागणुकीचे अनुभव निराळे असणार. ते निराळेपण दोघींच्या बोलण्यात येऊ द्या.

दुरान्सकाठ (प्रतिसाद)

आपण सर्वांनी इतका वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मी अतिशय ऋणी आहे. गेल्या आठवडाभरात मी ऐंशीपैकी सुमारे साठ पाने बाजूला ठेवली. पहिले प्रकरण आता बंद झडपांच्या आतल्या अंधारात सुरू होते आणि लव्हेंडर पहिल्यांदा येते ती नायिकेच्या पाठीला कळ लागते तेव्हा.

अनुवादिका यांच्या सांगण्यावरून मी आजींना जुन्या भाषेविषयी विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग उठून आतून एक लोखंडी हत्यार घेऊन आल्या. दांडा झिजून गुळगुळीत झालेला, पाते फावड्यासारखे रुंद आणि एका कडेला वाकलेले. त्यांचे वडील कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला करीत. पाण्याची पाळी ठरलेली असे आणि ती बहुतेक वेळा रात्रीची येई. कंदील लावून ते या हत्याराने एका वाफ्याचे तोंड बुजवत आणि दुसऱ्याचे फोडत. लहानपणी कंदील धरायचे काम आजींकडे असे. हे सगळे त्या फ्रेंचमध्ये सांगत होत्या, पण वाफ्याचे तोंड फोडण्याच्या क्रियेसाठी त्यांनी जो शब्द वापरला तो मी कधी ऐकलेला नव्हता आणि त्यांनाही तो फ्रेंचमध्ये सांगता येईना. त्यांनी हाताने करून दाखवले.

मी त्यांना म्हटले की, आमच्याकडे याला ‘दारे धरणे’ म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. धरणकाठ, आजी मूळच्या साव्हीनच्या नाहीत, त्या मानोस्कच्याच आहेत. कादंबरीतल्या आजींविषयी मात्र मी अजून विचार करते आहे. पुढच्या शनिवारी मी सेर-पाँसाँला जाणार आहे.